रिकामा फड

परवा तिसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, मला रिसर्च करायचाय. कशावर पण चालेल." कशावर पण! एरवी मी हसले असते, चहा पाजला असता. पण खाली हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकीच्या मागं एक, आणि ट्रॅक्टरवरच्या स्पीकरनं खिडकीची काच थरथरत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "हंगाम संपला की ये." पोरगी गोंधळली. साताऱ्यात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी हंगाम कसला? "परीक्षेनंतर का, मॅडम?" "हो, परीक्षेनंतरच," म्हटलं आणि तिला वाटेला लावलं.

दिवाळी सरली की माझं असं होतं. लोकांना थंडीचा पहिला स्वेटर काढताना बरं वाटतं, मला नाही वाटत. कारखान्याचा भोंगा इथं ऐकू येत नाही, मळीचा वास इथवर पोचत नाही, तरी एक दिवस सकाळी अंगणात उभं राहिल्यावर कळतं की तिकडं खाली, इस्लामपूरच्या बाजूला, ऊस तुटायला लागलाय. उभा असतो तोवर ऊस सगळं पोटात ठेवतो. तुटायला लागला की काय काय बाहेर पडतं. सहा वर्षांपूर्वीच्या हंगामात जे बाहेर पडलं, ते हौसाकाकूवर पडलं. आणि ती त्या दिवशी फडात गेली ती माझ्या रिसर्चमधल्या चुकीमुळं, हे मी तिला सहा वर्षं सांगितलं नव्हतं.

हौसाकाकू म्हणजे माझी धाकटी चुलती. काका फौजेत, वर्षातून दोनदा येणार. दोन एकर ऊस, दोन म्हशी आणि एक चिडकं कुत्रं एवढा संसार ती एकटी हाकायची. माझं इंजिनिअरिंग कॉलेज तिच्या गावापासून तीन कोसांवर, म्हणून मी होस्टेलला न राहता तिच्याकडं राहायची. माझ्या डब्यात रोज भाकरी आणि वर तुपाचा गोळा. "डोक्याचं काम करतीस, तूप खा," म्हणायची. माझं डोकं किती चालतं, याबद्दल आमच्या घराण्यात एवढी खात्री फक्त तिलाच होती.

तिसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी वर्गात विचारलं, सुट्टीत थांबून संशोधन कोण करणार? मी हात वर केला. हौस म्हणून नाही, मार्क पहिल्या नंबरचे होते आणि दुसऱ्या कुणी हात वर केलेला मला सोसला नसता. दुसरा हात बिराचा. बिरा म्हसवडकडचा, घरची मेंढरं. त्याचे वडील दरसाल कळप घेऊन आमच्या पट्ट्यात उतरायचे, तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. बिरा कमी बोलायचा आणि बोलला की मला राग यायचा, कारण बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं.

काम असं होतं: उसात बिबटे राहतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. बांधावर कॅमेरे लावायचे, समोरून काही हललं की ते फोटो काढणार, आणि आम्ही असं यंत्र शिकवायचं की फोटोत बिबट्या आहे की नाही ते त्यानं आपलं आपण सांगावं. काकूला समजावून सांगितलं तर ती म्हशीच्या आचळावरचा हात न काढता म्हणाली, "म्हंजी कशाचा शोध?"

"बिबट्याचा."

"त्यो तर हायच की! हरवलाय व्हय शोधायला?"

सहा कॅमेरे मिळाले. त्यातला एक काकूच्याच बांधावर, ओढ्याच्या बाजूला, लोखंडी नळीला बांधला. नळी ठोकताना मला आठवतं, ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि आत दोन सरींपलीकडं काहीही दिसत नव्हतं. वारा नव्हता. तरी आत कुठंतरी पानं सळसळली आणि थांबली. बिरा नळी धरून उभा होता, त्यानं मान वळवली नाही, फक्त म्हणाला, "चल, झालं. मागं बघू नकोस." मी अर्थातच बघितलं. नुसता ऊस होता.

संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काय काय येतं. आमच्या वाट्याला आलं ते फोटो निवडणं. लॅबच्या कोपऱ्यातला एक खिळखिळा कॉम्प्युटर, पुढं दोन खुर्च्या, आणि हजारो फोटो. ऊस. ऊस. कुत्रं. ऊस. मुंगूस. ऊस. उकिडवा बसलेला एक सद्गृहस्थ. ऊस. पडद्यावर मी दोन बटणं केली होती, एक 'बिबट्या', दुसरं 'रिकामं'. फोटो बघायचा, बटण दाबायचं. दिवसभर तेच केलं की जेवताना ताटातही सरी दिसायच्या. मधेच एखाद्या काळ्यापांढऱ्या फोटोत दोन पांढरे ठिपके चमकायचे. डोळे नेहमी कॅमेऱ्याकडंच असायचे. त्याला तो कॅमेरा पहिल्या दिवसापासून माहीत होता.

बिरा मात्र 'रिकामं' दाबायचाच नाही. फोटोवर अडून बसायचा. गवत कुठं दबलंय, पाखरं कुठं नाहीत, असलं बघत राहायचा.

"अरे, काय दिसतंय तुला? काही नाहीये. दाब."

"दिसत न्हाई असं म्हन. रिकामं कसं म्हनू?"

"तिसरं बटण नाहीये, बिरा."

"मग कर की."

केलं नाही. तिसऱ्या बटणानं आकडा बिघडला असता. या धंद्यात आकडा म्हणजे यंत्राचे मार्क, शंभरापैकी किती बरोबर. पावसाळा सरत आला तसा आमचा आकडा वर चढायला लागला आणि दिवाळीच्या तोंडावर शंभराला जाऊन टेकला. सरांनी पेपर लिहायला घ्यायला सांगितलं. डिग्रीच्या पोरांचा पेपर, तोही बाहेरच्या परिषदेत! मी घरी साताऱ्याला फोन केला, आई रडली, बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. आणि त्याच दिवशी बिरानं लॅबमध्ये सगळे फोटो परत चाळले आणि म्हणाला, "सुजाता, आपल्याकडं दिवसाचा एक बी बिबट्या न्हाई."

"मग? तो दिवसा बाहेर येतोच कुठं?"

"आत्ता न्हाई येत. फड तुटाय लागला की जाईल कुठं? दिवसाच हिंडंल. ह्यानं दिवसाचा वळखला न्हाई तर?"

मला इतका संताप आला. पेपर लिहून होत आला होता, त्यावर माझं नाव पहिलं होतं, आणि हा शहाणा आता फोटो मोजत बसला होता. मी म्हटलं, "हे मेंढरं राखणं नाही, बिरा. इथं तुझी ती अक्कल चालत नाही." बोलले आणि लगेच कळलं काय बोलले ते. त्यानं पडदा बंद केला, पिशवी उचलली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला, काम केलं, पण त्यानंतर त्यानं मला कशालाही नको म्हटलं नाही. वाईट बोलणाऱ्याची जीभ झडते म्हणतात, माझी तेव्हाच झडायला हवी होती.

मग हंगाम आला. कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकली, नारळ फुटले, चिमणी दिवसरात्र धुरायला लागली. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे बारीक काळे कण पडायला लागले. काकू साड्या झटकत कारखान्याला शिव्या घालायची. मराठवाड्यातून टोळ्या आल्या, त्यांच्या पालांच्या रांगा माळावर उठल्या, सकाळच्या धुक्यात चुलींचा धूर मिसळून पुढचं दहा हातांवरचं दिसेना. त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली जी तेव्हा मी मनावर घेतली नाही. वस्तीवरची कुत्री एकेक करून गप्प होत गेली. काकूचं कुत्रं, जे पोस्टमनला फाडून खायचं, ते गोठ्यात गव्हाणीखाली शिरलं आणि भाकरी टाकली तरी बाहेर येईना. "म्हातारं झालंय," काकू म्हणाली. आम्हाला तसं वाटून घ्यायचं होतं.

सरांनी बजावलं होतं की पेपर होईपर्यंत यंत्र गावात वापरायचं नाही, नीट तपासायचं बाकी आहे. पण मला दम कुठला! मी गावातल्या उसवाल्यांचा एक ग्रुप केला. कॅमेऱ्यानं फोटो काढला की तो माझ्या फोनवर आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर यायचा, आणि ग्रुपवर नुसता एक शब्द जायचा: 'रिकामं', नाहीतर 'बिबट्या'. पंधरा दिवसांत गावात माझं नाव झालं. देवळापुढं म्हातारे मला थांबवून विचारायचे, "काय म्हनतंय गं तुझं मशीन?" पहाटे दोनदा 'बिबट्या' आला आणि दोन्ही वेळा सकाळी खरोखर पंजांचे ठसे दिसले. मग तर लोकांनी कॅमेऱ्यापुढं हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं.

आता फड तोडायची एक रीत सांगायला पाहिजे. ऊस कडेनं तोडत आत जातात. जे काही आत असतं ते मागं मागं सरत शेवटच्या तुकड्यात गोळा होतं: ससे, साप, रानमांजरं, आणि असलाच तर तो. म्हणून शेवटच्या तुकड्याला हात घालण्याआधी टोळी थांबते. ओढ्याकडची बाजू मोकळी सोडतात, तीन बाजूंनी पत्र्याचे डबे बडवतात, आणि मग एक बिडी ओढून होईपर्यंत सगळे गप्प बसतात. कुणी पुढं जात नाही. बिरानं मला एकदा सांगितलं होतं, "डबा भ्या दावाय नसतोय. त्याला वाट दावायला असतोय." अर्धा तास जातो यात. गाडी भरून लवकर लावायची घाई असली की मुकादमाच्या जिवावर येतं, पण कुणी टाळत नाही.

काकूच्या फडाचा शेवटचा तुकडा ज्या दिवशी तुटायचा होता, त्या सकाळी मी कॉलेजच्या कँटीनमध्ये पोह्यांच्या रांगेत उभी होते. काकूचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, मुकादम काहीतरी ओरडत होता.

"सुजे, मुकादम म्हनतोय गाडी खोळंबलीया, डबं कशाला बडवायचं, मशीन हाय की. मला काय त्यातलं कळतंय? बघ की गं, हाय का आत काय?"

मी फोन कानापासून काढून बघितलं. काकूच्या बांधावरून पाऊण तासापूर्वी फोटो आला होता. खाली शब्द होता, 'रिकामं'.

"काही नाही काकू. रिकामं आहे. जा तू."

"जाऊ नव्हं?"

"जा गं. माझे पोहे गार होतात."

फोटो उघडून बघितला नाही. बोट ठेवायचा अवकाश होता, दोन सेकंदांचं काम. माझ्याच यंत्रानं लिहिलेला शब्द मी वाचला आणि मला तो पुरला. डबे वाजले नाहीत. टोळी तुकड्यात शिरली, आणि काकू मागून उसाचं वाडं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, म्हशींसाठी गोळा करत गेली. ती वाकलेली होती. तो तिच्याच बाजूनं बाहेर पडला.

मुकादमाचा फोन आला तशी मी कॉलेजची गाडी फडाकडं धाडली; मागून सांगलीच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा तिच्या डोक्याला आणि डाव्या खांद्याला पांढरं गुंडाळलेलं होतं आणि पांढऱ्यावर तांबडं वाढत होतं. बोलता येत होतं. मला बघून पहिलं काय विचारावं? "म्हशीस्नी वाडं टाकलं का कुनी?" मी कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला टेकले आणि तेव्हा फोन काढून तो फोटो उघडला.

स्वच्छ सकाळ. ऊन उसाच्या पानांवर पडलेलं. रंगीत, सुंदर फोटो, कॅलेंडरवर लावावा असा. आणि मधोमध, सरीच्या तोंडाशी, तो बसलेला. लपलेला नाही, अर्धा नाही, अख्खा. कॅमेऱ्याकडं बघत. त्याच्या पायांच्या खाली, मी निवडलेल्या अक्षरांत, 'रिकामं'.

कारण समजायला मला एक मिनिटही लागलं नाही, ते बिरानं आधीच सांगून ठेवलं होतं. आमचे कॅमेरे अंधारात काळेपांढरे फोटो काढायचे आणि उजेडात रंगीत. बिबटे सगळे काळ्यापांढऱ्यात. रंगीत फोटोत यंत्राला आम्ही बिबट्या कधी दाखवलाच नव्हता. मग ते एवढंच शिकलं की रंग दिसला की 'रिकामं' म्हणायचं आणि मार्क घ्यायचे. दिवसाचे हजारो फोटो खरंच रिकामे असल्यामुळं मार्क भरपूर मिळायचे. माझाच गुण त्यानं उचलला होता, म्हणा.

सरांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "वापरू नका म्हणालो होतो ना मी?" नंतर, "हा फोटो आपला डेटा बंद केल्यानंतरचा आहे. पेपरात तो येत नाही." वाईट माणूस नव्हता तो. मीही वाद घातला नाही. पेपर जसाच्या तसा गेला. बिरानं त्यावरून आपलं नाव काढायला लावलं. मी त्याला म्हटलं, "काकूला सांगणारेस का?" तो म्हणाला, "मी कशाला? तुझी काकू हाय, तूच सांग." परिषदेत मोठ्या हॉलमध्ये मी पेपर वाचला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत मला फक्त डबे ऐकू येत होते, जे वाजले नव्हते.

काकू वाचली. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. केस एका बाजूला आलेच नाहीत, म्हणून पदर कायम डोक्यावर. गावात मात्र ती उलटंच सांगत सुटली, "माझी सुजा हुती म्हनून वाचले, तिनं कालेजातनं गाडी धाडली." फोटोनंतर तो आत शिरला असणार, अशी सगळ्यांची समजूत झाली होती; लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. मी ताटातली भाकरी तशीच ठेवून उठायची. सांगू, सांगू म्हणत एक हंगाम गेला, मग दुसरा. टाके निघू देत, मग काका येऊ देत, मग माझी नोकरी लागू दे. न सांगण्याला कारणं फार पटकन मिळतात, आणि सगळी चांगली असतात. पुढं पुढं तर मला वर्ग रिकामा आहे असंही म्हणवेना. "कुणी दिसत नाही," म्हणायची. शिपाई माझ्याकडं विचित्र बघायचा.

एक गोष्ट मी विसरून गेले होते. पेपरबरोबर ते यंत्रही आम्ही सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं, कुणीही घ्यावं, वापरावं. तशी पद्धत असते. आकडा छापलेला, शंभराला टेकलेला. असल्या आकड्यावर कुणीही विश्वास ठेवतं.

ती मुलगी केबिनमधून गेली त्याच दुपारी काकूचा फोन आला. एरवी तब्येतीचं विचारते, त्या दिवशी आवाज खुशीत होता. "सुजे, अगं तुझ्यावानीच मशीन आलंय गावात. कुठल्या तरी कालेजच्या पोरांनी मोबाईलात घालून दिलंय मुकादमाला. नवं कॅमेरं लावल्यात. उद्या आपला शेवटचा तुकडा हाय. मुकादम म्हनतोय, डबं नकोत, ह्ये बघा, तीन दिस झालं रिकामंच दावतंय."

मी विचारलं ते कुठलं यंत्र. तिला काय ठाऊक! मी गावातल्या उसवाल्यांच्या त्या जुन्या ग्रुपवर विचारून त्या ॲपचं नाव मिळवलं आणि ते उघडून बघितलं. सगळ्यात तळाशी बारीक अक्षरांत आमच्या पेपरचं नाव होतं, आणि माझं, पहिलं.

मी लगेच परत फोन लावला. म्हटलं, काकू, उद्या डबे वाजवल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही, तू तर मुळीच नाही. ती हसली. "का गं? मशीन सांगतंय की." आता दुसरं कुठलंही कारण पुरलं नसतं. मी खुर्चीवरून उठले, केबिनचं दार लावलं आणि सांगितलं. सगळं. की त्या दिवशी फोटो आला होता. की त्यात तो होता, ढळढळीत उन्हात बसलेला. की यंत्रानं रिकामं म्हटलं आणि बिरानं ते आधीच ओळखलं होतं आणि मी त्याला गप्प केलं. की हे जे गावात आलंय ते तेच यंत्र आहे, तसंच आंधळं, मी केलेलं. सांगताना मी यंत्र, यंत्र इतक्यांदा म्हटलं की माझं मलाच कळायला लागलं.

पलीकडं म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजली, म्हणजे ती गोठ्यातच होती.

"बरं," काकू म्हणाली. "मुकादमाला सांगते. डबं बडवूनच तोडायचं."

"काकू, बोल ना काहीतरी. त्या यंत्रानं तुझा..."

"यंत्राचं काय लावलंयस मघाधरनं?" तिचा आवाज चढला नव्हता, पण मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "यंत्राला मी कवा इचारलं हुतं, सुजे? मी तुला इचारलं हुतं."

आणि तिनं फोन ठेवला.